जावयाला पोहता येतं

आमच्या ऑफिसातला एक जण मध्यंतरी मेक्सिकोला जाऊन आला. त्याची मुलगी तिकडे असते, तिने बोलावलं. परत आल्यावर त्याने आठवडाभर कोणाला धड जेवू दिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला आणि मोबाइल पुढे. जंगलात माया लोकांची पडकी देवळं, गर्दी नाही, गोंगाट नाही, आणि तिथून जवळच जमिनीत आपोआप तयार झालेला निळ्याशार पाण्याचा डोह. सकाळी दगड बघायचे, दुपारी डुंबायचं. एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करून तो दाखवायचा, आणि मोठं व्हायचं ते त्याचं पोट.

दुसऱ्याचं कौतुक मला फार वेळ ऐकवत नाही. हा माझा जुना दोष आहे.

"त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?" मी म्हणालो. "आमच्या सासुरवाडीला हेच आहे. पडकं देऊळ, चिटपाखरू नाही, आणि पुढे डोह."

"पोहतोस तिथे?"

"अठरा वर्षं," मी म्हणालो.

देऊळ खरं होतं, डोह खरा होता, अठरा वर्षंही खरी होती. पोहणं तेवढं खोटं होतं.

मी कल्याणच्या चाळीत वाढलो. आमच्याकडे पाणी म्हणजे सकाळी पाऊण तास नळाला येणारी गोष्ट. ते हंड्यात भरायचं असतं, त्यात शिरायचं नसतं. त्यामुळे पोहणं शिकायचं राहून गेलं आणि त्याचं कधी काही वाटलंही नाही. वाटलं ते एकदम मुलगी बघायला गेल्यावर.

स्थळ मुरबाड तालुक्यातलं. धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी गाव. पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणारं घर, दोन मुली, मुलगा नाही. थोरलीचं लग्न झालेलं, धाकटी बघायची. मी पगाराचं, जागेचं, नोकरी कायम आहे की नाही त्याचं, सगळं पाठ करून गेलो होतो. मुलीच्या वडिलांनी त्यातलं काही विचारलं नाही. खुर्ची माझ्यासमोर ओढून घेतली आणि म्हणाले, "पोहायला येतं का?"

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. माझं लक्ष तिच्याकडे. त्या क्षणी मला विमान चालवता येतं का असं विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

"येतं की," मी म्हणालो. "चांगलं येतं."

त्यातलं 'चांगलं' हे अगदीच अनावश्यक होतं. पण त्यांचा चेहरा असा काही फुलला की लग्न तिथेच ठरलं.

सासुरवाडीच्या गावात जावयाची एक गंमत आहे. तो बोलेल ते खरं. त्याला कोणी उलट विचारत नाही, पाण्याचा तांब्या त्याला स्वतः उचलू देत नाहीत, आणि रस्त्याने जाताना त्याच्या हातात पिशवी दिसली तर अख्खं गाव सासऱ्याला बोल लावतं. खोटं बोलणाऱ्या माणसाला याहून सोयीची जागा नाही. दर उन्हाळ्यात आम्ही गेलो की मामा, म्हणजे माझे सासरे, मला डोहावर घेऊन जायचे आणि दर उन्हाळ्यात माझं काहीतरी दुखायचं. पहिल्या वर्षी सर्दी. दुसऱ्या वर्षी कान. तिसऱ्या वर्षी नुकतंच जेवण झालं होतं. एकदा मी आज अमावस्या आहे म्हणालो, तर जावई फार देवभोळा आहे म्हणून गावात माझं नाव झालं. एका वर्षी मुरगळला म्हणून पायाला पट्टी गुंडाळून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत ती दुसऱ्या पायाला बांधली. "काल उजवा होता," बायको पुटपुटली आणि चुलीकडे तोंड करून खोकत राहिली.

मामा कधी काही बोलले नाहीत. "असू द्या, पुढल्या टायमाला," म्हणायचे, सदरा काढून खडकावर ठेवायचे, एकदा मागे वळून बघायचे आणि एकटे पाण्यात शिरायचे. मी काठावर बसून त्यांचं पांढरं डोकं इकडून तिकडे जाताना बघायचो. बायको शेजारी बसून पाय पाण्यात सोडायची.

बायकोला अर्थातच माहीत होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका नातेवाइकाने आम्हाला स्विमिंग टँक असलेल्या ठिकाणी नेलं होतं. तिथे मी दोन तास शिडीचा दांडा सोडला नाही. तिने ते काठावर बसून बघितलं आणि आठवडाभर हसत होती. मग म्हणाली, "बाबांना तुमचं तुम्हीच सांगा. मी चुगली करणार नाही." सांगतो म्हणालो. सांगता सांगता केस पिकायला लागले.

गेल्या वर्षी मामांना हृदयाचं दुखणं झालं. मुंबईला नेऊन नळी टाकली, बरे झाले, पण सासूबाईंनी डोह बंद करून टाकला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, जन्मभर उन्हाळ्यात रोज डोहात उतरलेला, तो आता ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायला लागला. वाल सोलायला दिले तर शेंगांवरही चिडायचा. होळी झाल्यावर एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं, लॉटरी लागली.

"जावई, रविवारी या. डॉक्टरनं परवानगी दिली. हळूहळू पोहा बोलला. फक्त एकट्यानं नाय, सोबत पोहणारं माणूस पायजे. मी बोललो, त्याची काय काळजी? जावई हाये ना माझा!"

फोन स्पीकरवर होता. बायको भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"आता?" फोन बंद झाल्यावर ती म्हणाली.

"आता काय? ताप येईल मला शनिवारी."

"तुमच्या तापावर बाबा थांबणार नाहीत. आईला म्हणतील जावई आहे, आणि एकटेच जातील. मधोमध दम लागला तर?"

अठरा वर्षं माझ्या थापेने कोणाचं काही बिघडलं नव्हतं, असं निदान मी समजत होतो. आता त्या थापेच्या भरवशावर एक म्हातारा माणूस खोल पाण्यात जाणार होता. मला खरंच घाम फुटला.

"डोहावर पोचायच्या आत सांगतो," मी म्हणालो.

"नाही सांगितलंत तर मी सांगेन. चुगलीबिगली गेली खड्ड्यात."

रविवारी आम्ही सकाळच्या एसटीने मुरबाड गाठलं, तिथून धसई, आणि धसईच्या बाजारातून जीपने गाव. मामा आधीच तयार होऊन अंगणात उभे. डोक्याला रुमाल, पायात नव्या चपला. सासूबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि दोन कैऱ्या बांधून दिल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमी हाव म्हणून सोडते बघा. नाय तर मी दारात आडवी पडले असते." मी मान हलवली. ही माझी त्या दिवसातली पहिली संधी होती आणि ती मी तिथेच गमावली.

गावापासून डोह अर्ध्या तासावर. वाटेत कापलेल्या भाताची खाचरं, मग पळसाचं रान, मग चढ. मामा पुढे, बायको मधे, मी मागे. पिशवी माझ्या हातात देईना कोणी. चढावर मी ठरवलं, आता सांगायचं.

"मामा, एक बोलायचं होतं."

"बोला."

"म्हणजे तसं जुनंच आहे."

"जुनं ना? मग चला, देवळात बसून बोलू. तिथं समदंच जुनं हाये." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत ते वर चढले.

ते देऊळ कोणी बांधलं ते गावात कोणाला सांगता येत नाही. छप्पर कधीच पडलेलं. दाराची चौकट मात्र उभी आहे, आणि देऊळ नसलेल्या त्या दारातूनच सगळे आत जातात, बाजूने मोकळं असलं तरी. चौकटीवर उंबराचं झाड बसलंय, त्याची मुळं कोरलेल्या हत्तींच्या मधून खाली आली आहेत. नंदीला डोकं नाही. फरशीच्या फटींतून गवत आलेलं, ते उन्हाने पिवळं पडलेलं. आणि तिथे इतकं शांत असतं की सुकं पान पडलं तरी आपण वळून बघतो. मी वर्षानुवर्षं डोहाच्या भीतीने तिथून घाईघाईने गेलो होतो. त्या दिवशी वेळ काढायचा होता म्हणून पहिल्यांदा नीट बघितलं, आणि ते मला फार आवडलं. मेक्सिकोवाल्याला इथे आणायला हवं असं वाटलं. मग तो मला पोहायला सांगेल हे आठवलं आणि तो बेत मी रद्द केला.

एका कडेला वीरगळ उभे आहेत, लढाईत मेलेल्या माणसांच्या आठवणीचे कोरीव दगड. मामांनी मला त्यातल्या एकापुढे नेलं.

"हा बघा. खाली लढला आणि मेला. मधी पऱ्या उचलून नेतायत. वर पोचला देवाजवळ. आता पऱ्यांचं काम अँब्युलन्स करते, बाकी समदं तसंच." त्यांनी छातीवर हात फिरवला. "मला कल्याणवरून मुंबईला नेलं तवा मी हाच दगड आठवीत व्हतो."

आणि ते आत, गाभाऱ्याकडे वळले.

गाभाऱ्याच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत, आत देवी आहे. गावात तिला नुसतं आई म्हणतात. शेंदराचे इतके थर बसलेत की नाकडोळे शोधावे लागतात. कोणी तरी चांदीचे दोन डोळे चिकटवले होते, त्यातला एक पडून हरवला. डोहात उतरणारा माणूस आधी इथे येतो आणि तिच्यापुढे एक खडा ठेवतो. ज्याने त्याने आपल्या हाताने आपला ठेवायचा. पोहून आल्यावर उचलून बाहेर टाकायचा. खडा उरला तर माणूस पाण्यात राहिला. काठावर बसणाऱ्याने ठेवायचा नाही, उगाच आईचा घोळ होतो.

मामांनी काळा खडा ठेवला. मग माझ्यासाठी एक गुळगुळीत, निवडलेला खडा खिशातून काढला. तो त्यांनी घरून आणला होता.

"ठेवा."

मी बायकोकडे बघितलं. ती भिंतीला टेकून देवीकडे बघत उभी होती. "माझा नेहमी पांढरा असायचा," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते मला कळलं नाही, आणि कळून घ्यायची माझी मनःस्थितीही नव्हती. मी खडा ठेवला. देवी एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली.

"दोन माणसं उतरतायत, आई," मामा हात जोडून म्हणाले. "दोघांना वर घे."

बाहेर आल्यावर बायकोने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो दोन दिवस दिसत होता. "देवीला पण फसवलंत?"

"सांगतो म्हटलं ना."

"कधी? बुडाल्यावर?"

देवळामागून खाली उतरलं की नदी. फाल्गुनात ती नदी म्हणवत नाही, गोट्यांमधून चालणारी पाण्याची एक रेघ. पण काळ्या कातळाच्या वळणावर ती एकदम खाली जाते आणि डोह होतो. हिरवं, गार, हलायचं नाव न घेणारं पाणी. सात खाटांचा सुंभ सोडला तरी तळ लागत नाही म्हणतात. हे सांगणाऱ्याच्या घरी सात खाटा मी कधी बघितल्या नाहीत, पण पाणी बघितल्यावर पटतं. समोरच्या काठावर पाचसहा बायका कपडे धूत होत्या. आम्हाला बघून त्यांचे हात थांबले.

मामांनी कातळावर बसून चपला काढल्या. सदरा काढला, त्याची घडी घातली. वर्षभरात ते किती वाळले होते ते तेव्हा दिसलं. बरगड्या मोजता येत होत्या. पण चेहरा मात्र सुट्टी लागलेल्या पोराचा.

"चला जावई. आज दुखत नाय ना काय?"

"नाही," मी म्हणालो. त्या एका दिवशी खरोखरच सगळं दुखत होतं.

ते कमरेएवढ्या पाण्यात गेले. पाणी अंगाला लागल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि एक लांब सुस्कारा सोडला. मी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून घोट्याएवढ्या पाण्यात उभा.

"माझ्या डाव्या अंगाला राहा," ते पुढे सरकत म्हणाले. "मधोमध जाऊ आणि परत येऊ. बस, एकच फेरी. दम लागला तर तुमच्या खांद्यावर हात टाकीन. बाकी काय करायचं नाय तुमी."

आणि त्यांनी हात पुढे टाकले. अजून पाय टेकत होते, पुढच्या पावलाला टेकले नसते.

"मामा, मला पोहता येत नाही!"

मी ओरडलोच. समोर उभा कडा आहे. त्याने ते वाक्य उचललं आणि जसंच्या तसं परत आणून टाकलं. पोहता येत नाही, येत नाही. पलीकडे कोणीतरी फिस्सकन हसलं.

मामा वळले. आधी त्यांना ती गंमत वाटली. मग माझं तोंड बघून वाटेनाशी झाली. ते हळूहळू पाण्यातून बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"अजिबात?"

"अजिबात."

"कान फुटलेला तवा पण?"

"कान नव्हता फुटला."

"अमावस्या?"

"ती खरी होती. पण ते कारण नव्हतं."

"मग त्या दिवशी व्हय कशाला बोललात?"

"मुलगी आवडली होती," मी म्हणालो. बायको मागे कातळावर बसली होती. "अगोबाई," ती म्हणाली, "हे पण आजच सांगताय!"

मामा हसले नाहीत. त्यांना राग आला होता, आणि जावयावर कसं रागवायचं ते माहीत नसल्यामुळे तो त्यांना कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"नाय बोलला असतात तरी पोरगी दिली असती," ते म्हणाले. "थोरल्या जावयाला पण हेच विचारलेलं. तो बोलला, मला पाणी बघून गरगरतं. दिलीच ना?"

"मग विचारलंत कशाला?"

ते खाली बसले. ओल्या हाताने ओला गुडघा पुसत राहिले.

"मला पोरगा नाय. बरोबरचे दोस्त एकेक करून गेले. एवढ्या मोठ्या पाण्यात एकट्यानं काय मजा येते? म्हटलं, जावई तरी जोडीला येल. अठरा उन्हाळे मी तुमची वाट बघितली. आता सर्दी जाईल, आता पाय बरा व्हईल." त्यांनी तळहात उघडून बघितले. "तवाच नाय बोलला असता रे, तर शिकवला असता. तवा माझ्या हातात जोर व्हता."

मी इतकी वर्षं समजत होतो की माझ्या थापेची झळ मलाच बसते. दर वर्षी नवं दुखणं शोधायचं, पट्टी बांधायची, बस. हा माणूस दर वर्षी सदरा काढून एकटा आत जायचा तेव्हा मागे वळून एकदा बघायचा, ते मी विसरलो नव्हतो, पण ते कशासाठी ते मला कधी कळलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

मामांनी सदरा उचलला आणि बाही शोधायला लागले. "चला. भाकरी खाऊ आणि जाऊ घरी. आजची फेरी ऱ्हायली. आता काय व्हत नाय ती."

"बाबा, सदरा घालू नका," बायको म्हणाली.

ती उठली होती. तिने मोबाइल आणि घड्याळ माझ्या हातात दिलं, चष्मा माझ्या खिशात घातला, चपला माझ्या पायाशी सरकवल्या. ओढणी कमरेला गच्च बांधली.

"डॉक्टर काय बोलला? पोहणारं माणूस पायजे. मग मी काय धुण्याचा दगड हाये का?"

इकडे कल्याणला ती माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. बापाशी भांडायला लागली की तिचं बोलणं पुन्हा गावाला जातं.

"तू?" मामा म्हणाले.

"मी. मला कोणी शिकवलं पोहायला?"

"ती येळ येगळी व्हती. आता लग्न झालेली तू. समोर बाया बघतायत."

"बघू दे. त्यातल्या निम्म्या माझ्याबरोबर ह्या कातळावरून उड्या मारायच्या."

पलीकडून एक जाडजूड बाई धोपटणं वर करून ओरडली, "उतर गो! येतंय का विसरलीस ते बघू दे!"

मामा हातात सदरा धरून तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघत होते. शेवटी त्यांना एकच हरकत उरली. "तुझा खडा ठेवला नाय आईपुढं."

"दोन खडे ठेवलेत. दोन माणसं उतरतायत. जावई आणि सासरा असं कुठं लिहून दिलंत तिला?"

मामांनी वर देवळाकडे एक नजर टाकली.

ती पाण्यात गेली. उडी नाही, आवाज नाही. कमरेएवढं पाणी झालं, मग नुसतं तिचं डोकं दिसायला लागलं, आणि ते डोकं सरळ डोहाच्या मध्याकडे निघालं. अठरा वर्षं मी त्या बाईबरोबर संसार केला. तिची भाकरी, तिचा राग, तिची डोकेदुखी, सगळं मला माहीत. तिला पोहताना मी कधी बघितलं नव्हतं. मला माझ्या बायकोचा धाक पहिल्यापासून आहे, पण त्या दिवशी तिचा अभिमान इतका वाटला की मी हातातल्या मोबाइल-घड्याळासकट टाळ्या वाजवल्या. समोरच्या बायका माझ्याकडे बघून पुन्हा हसल्या. हसू दे.

थोडं आत जाऊन ती वळली. "येताय ना?"

मामांनी सदरा टाकला. या वेळी घडीबिडी काही घातली नाही. ते उतरले, दोन हात मारून तिच्याजवळ पोचले आणि दोघं मधोमध निघाले, ती डाव्या बाजूला. अगदी हळू. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण मामा काहीतरी सांगत होते आणि ती हसत होती. मधे एकदा त्यांचा वेग पडला. त्यांनी तिच्या खांद्यावर हात टाकला. ती थांबली, पाय मारत तशीच तरंगत राहिली. तेवढा वेळ मी मोजला नाही, पण नंतर माझ्या तळहातावर तिच्या घड्याळाच्या पट्ट्याचे वळ होते. मग मामांनी हात काढला, पाठीवर झाले, आणि दोघं आभाळाकडे बघत पडून राहिले.

बाहेर आले तेव्हा मामांचे ओठ निळसर झाले होते आणि चेहरा मात्र चांगला लाल होता. कातळ तापला होता, त्यावर ते बसले. मी भाकरीची पिशवी सोडली. बायको केस पिळत उभी होती. मामा तिच्याकडे वळले.

"अठरा वरसं इथं काठावर बसलीस," ते म्हणाले. "मला एकटा जाताना बघितलंस. बोलली कशी नाय गो?"

"तुमी विचारलंत ह्यांना," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मला कुठं विचारलं?"

मी भाकरीवर चटणी वाढत होतो, तो हात तसाच राहिला. डोहाकडे बघत मामांनी तोंडावरून हात फिरवला.

"तेरा वर्षांची व्हतीस," ते म्हणाले. "ह्याच कातळावर. मीच बोललो, आता मोठी झालीस, पुरे झालं पोहणं."

"हां."

"रडलेलीस."

"तीन दिवस."

"आणि मग मी जोडीला कोण नाय म्हणून गावभर जावई शोधीत फिरलो." ते स्वतःवरच इतके चिडले की त्यांनी एक गोटा उचलून पाण्यात भिरकावला. मग जरा शांत झाले. ऊन अजून कड्याच्या वर होतं. पलीकडच्या बायका धुणं पिळून निघाल्या होत्या. मी पुढे केलेली भाकरी त्यांनी बाजूला सारली आणि मान वर करून पोरीकडे बघितलं. कधी कोणाकडून काही मागितलं नाही अशा माणसाला मागताना जड जातं, तसा त्यांचा आवाज आला.

"आणखी एक फेरी मारूया वाटतं. अर्धीच. येशील का?"

तिचे केस अर्धे पिळून झाले होते. तिने ते तसेच सोडले.